कोयंडा बदला, मग काशीला जा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तिकिटाचा फोटो तुम्ही निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलात. तारीख, डबा, सगळं त्यात दिसतंय. आनंद कळतो मला, पण त्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि आपलं देवरुखचं घर बावीस दिवस बंद राहणार, हे आता त्या सगळ्यांना कळलं. फोटो काढून टाका. काशीचे फोटो परत आल्यावर हवे तेवढे टाका. मी सगळ्यांना अंगठे देईन.

तसं सांगायलाच हवं अशी माणसं तीनच. पोलीस पाटील, वरच्या घरातली काकू आणि दूधवाला. काकूला म्हणावं, रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लाव आणि पडवीचा बल्ब लावून जा. धाकट्याला कॅमेरा बसवायचा आहे, पण आपल्याकडे वीज गेली की वायफाय जातं, मग कॅमेरा बघणार काय? काकूचं अंगणात उभं राहून कुत्र्यावर ओरडणं त्याहून कामाचं. किल्ली तिच्याच हातात द्या. न्हाणीघराच्या कोनाड्यात नको. ती जागा मला चौथीत असताना माहीत होती, आणि माझ्या वर्गालाही.

कुलपाचं बोलू. तुम्ही नवं, भलंमोठं कुलूप आणलंत ते छान. पण कोयंडा आजोबांच्या वेळचा आहे आणि त्याचे स्क्रू कुजक्या चौकटीत बसलेत. चोर कुलपाला हातसुद्धा लावणार नाही, पहारीने कोयंडाच उपटेल. सुताराला बोलावून आरपार बोल्ट घालून घ्या, नट आतल्या बाजूला. मागच्या दाराला आतून अडसर आहेच. ते दार भक्कम आहे, त्याची मला काळजी नाही.

आई, तुझ्या पाटल्या तांदळाच्या डब्यात आहेत, हे मला माहीत आहे. चोरालाही आई असते गं, आणि तिच्याही पाटल्या तांदळातच असतात. लॉकरमध्ये ठेव. 'बँकेतून गेल्या तर?' म्हणशील. चोरी झाली किंवा आग लागली तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँक जबाबदार, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. सोन्याच्या भावापुढे ती रक्कम थोडीच, पण तांदूळ तर काहीच भरून देत नाही. बँकेत जाताय तर बाबांचा हयातीचा दाखलाही नोव्हेंबर लागताच देऊन टाका. परत येईपर्यंत महिना संपत आलेला असेल, मग उगाच धावपळ.

आता फ्रिज. मागच्या वर्षी आम्ही केरळला गेलो तेव्हा बाबांचं ऐकून मी मेन स्विच बंद केला, पण फ्रीजरमधली दोन किलो सुरमई विसरले. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा शेजारीण आधीच नाक धरून जिन्यात उभी होती. वास जायला महिना लागला. तेव्हा फ्रिज पूर्ण रिकामा करा, पुसा, आणि दारात फडकं अडकवून ते किंचित उघडं ठेवा, म्हणजे आत बुरशी धरणार नाही. पडवीच्या बल्बासाठी मेन चालूच राहील, म्हणून टीव्ही, मिक्सर, पंप यांचे प्लग काढायचे.

बादल्या, हंडे, न्हाणीघरातलं घंगाळ उपडं करा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. टाकीचं झाकण घट्ट लावा. बाबांची पुस्तकं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. वानरांचं मात्र काही करता येत नाही. दोन-चार कौलं फोडतीलच. आठ-दहा जास्तीची कौलं पडवीत काढून ठेवा, काकूचा मुलगा बदलेल.

दिवसांचं गणित आईने घातलंय तेच बरोबर. द्वादशीला तुळशीचं लग्न, त्रयोदशीला निघायचं, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर. तिकडे त्या रात्रीला देवदीपावली म्हणतात, सगळे घाट पणत्यांनी भरतात. आपली देवदिवाळी मार्गशीर्ष प्रतिपदेची, ती यंदा चुकणार. देवापुढे नारळ ठेवायला काकूला सांगून ठेव. पण आवराआवर लग्नाच्या दिवशी काढू नका. दोन दिवस आधी संपवा, नाहीतर ऊस आणि आवळे सांभाळत बाबा कोयंड्याचे स्क्रू शोधत बसतील.

शेवटचं गॅसचं. कोल्हापूरच्या लग्नाला जाताना बाबा साखरप्याला एसटीतून उतरून घरी परतले होते, आठवतंय? रेग्युलेटर बंदच होता, आणि अक्षता चुकल्या त्या चुकल्याच. या वेळी रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. तो ग्रुपवर नको, फक्त मला. संगमेश्वरला गाडीत बसल्यावर शंका आली की फोटो बघायचा. आंबेड मागे पडलं तरी उतरायचं नाही.

ठाण्याला मी फलाटावर असेन. डबा माझ्याकडचा, आई, तू काही करून आणू नकोस.

तुमची,
धाकटी