मंत्रीमहोदय, त्या मुलांना वर्षभराने परत एकदा विचारा

आदरणीय पाक ब्रायन युलिआर्तो,
उच्च शिक्षण, विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री, इंडोनेशिया

नमस्कार. (मराठी वाचकांसाठी, पाक म्हणजे इथलं 'साहेब'.) पदवीच्या प्रबंधासाठी कॉलेजची मुलं प्रश्नावल्या भरून नेतात आणि पुढे त्यांचं काही होत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली बरीच वर्षं पश्चिम जावात करावांगजवळ एका सूतगिरणीत रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांचं, खातं बघतो. तुमच्या कायद्याप्रमाणे माझ्यासारख्या परदेशी माणसाला एक स्थानिक सहकारी जोडून देतात आणि त्याला काम शिकवणं ही आमची जबाबदारीच असते, त्यामुळे शिकवणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे आणि या विषयावर बोलायचा थोडा तरी हक्क मला आहे असं मी समजतो. पत्राचं इंडोनेशियन भाषांतर तुमच्या खात्याला वेगळं पाठवतोय, पण इथे मराठीत मुद्दाम लिहितोय कारण माझा भाचा मुंबईत टीवायला आहे आणि त्याचं ब्लॅक बुक, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, बघितल्यावर मला कळलं की हे दुखणं फक्त जावाचं नाहीये.

तर विषय असा. दरवर्षी आमच्या गेटवर कॉलेजची मुलं येतात, हातात विद्यापीठाचं परवानगीचं पत्र आणि अंगकेत, म्हणजे आपली प्रश्नावली. पदवीसाठी स्क्रिप्सी, म्हणजे प्रबंध, लिहायचा असतो आणि विषय जवळजवळ ठरलेला, कसियापान कर्जा, म्हणजे कामासाठीची तयारी. शीर्षकाचा साचाही ठरलेला, अमुकचा आणि तमुकचा एसएमकेच्या (म्हणजे कामधंदा शिकवणाऱ्या व्यावसायिक शाळेच्या) बारावीच्या मुलांच्या कामाच्या तयारीवर होणारा परिणाम. अमुकच्या जागी कधी कारखान्यातलं प्रॅक्टिकल, कधी मोटिव्हेशन, कधी आईवडिलांचा पाठिंबा, कधी सॉफ्ट स्किल. शाळेचं नाव बदलतं, गाव बदलतं, बाकी पाच प्रकरणं तीच. किती मुलांना विचारायचं ते स्लोव्हिनच्या सूत्राने काढायचं, एक ते पाच अशा खुणा करून घ्यायच्या, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं आणि शेवटी लिहायचं की परिणाम सकारात्मक आणि लक्षणीय आहे. मुलांना मी दोष देत नाही, मी त्यांच्याबरोबर बसून चहा प्यायलोय, ती रात्र रात्र जागतात यासाठी.

पण पाक, सतरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या बाकावर बसवून "मी कामाला तयार आहे असं मला वाटतं" यावर खूण करायला लावली तर त्यातून नेमकं काय कळतं? त्याला त्या दिवशी काय वाटलं एवढंच कळतं. आमच्याकडे आलेला मुलगा तयार आहे की नाही हे मला कळतं ते त्याच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रपाळीत एकाच वेळी दहा ठिकाणी धागा तुटतो आणि तो घाबरून एकाच चातीपाशी उभा राहतो की फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत एकेक सांधत जातो तेव्हा. ते बघायला स्क्रिप्सीवाला कधी येत नाही कारण त्याला चार महिन्यांत सिडांग, म्हणजे तोंडी परीक्षा, द्यायची असते. माझ्या इतक्या वर्षांत एकही विद्यार्थी निष्कर्ष सांगायला परत आलेला नाही, एकही नाही, आणि मी सह्या केलेल्या अंगकेतांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे आणि तो तुमच्याच खात्याचा आहे. जानेवारी 2012 मध्ये उच्च शिक्षण संचालनालयाने पत्रक काढलं की पदवी हवी तर जर्नलमध्ये लेख छापून आणा, कारण मलेशियाच्या तुलनेत इंडोनेशियाचे शोधनिबंध फारच कमी पडत होते. मग जर्नल्सचं पीक आलं. 2017 मध्ये सिंता, म्हणजे शोधनिबंधांची सरकारी ऑनलाइन नोंद, आली, प्राध्यापकांचे लेख मोजणं सुरू झालं, आणि मोजणी आली की माणूस मोजणीपुरतंच काम करतो हे कुठल्याही खात्यात दिसतं, आमच्याकडे नुसते किलो मोजले की सुताचा दर्जा घसरतो तसंच. ऑगस्ट 2023 मध्ये तेव्हाचे मंत्री नादिम मकारिम यांनी नियम सैल केला, स्क्रिप्सीऐवजी प्रोजेक्ट किंवा प्रोटोटाइपही चालेल म्हणाले, मला खरंच आनंद झाला होता. पण आमच्या गेटवर त्यानंतरही तीच प्रश्नावली येते. नियम बदलला, सवय नाही बदलली, आणि स्क्रिप्सी जोकी म्हणजे पैसे घेऊन लिहून देणारे, त्यांच्या जाहिराती अजून दिसतातच.

आता आकडे बघा, तुमच्याच बीपीएसचे, म्हणजे सरकारी सांख्यिकी खात्याचे. ऑगस्ट 2024 मध्ये देशाची बेरोजगारी 4.91 टक्के होती, एसएमके झालेल्यांची 9.01 टक्के, आणि प्राथमिक शाळा किंवा त्याहून कमी शिकलेल्यांची 2.32 टक्के. ज्या शाळा कामासाठीच काढल्या तिथलीच मुलं सगळ्यात जास्त रिकामी. अर्थात कमी शिकलेला माणूस रिकामा बसूच शकत नाही, तो मिळेल ते करतो, शेतात राबतो, गाडा लावतो, म्हणून त्याचा आकडा लहान दिसतो. पण म्हणजे हा प्रश्न नुसता मुलाच्या मनातल्या तयारीचा नाहीये ना? 1990 च्या दशकात शिक्षणमंत्री वार्दिमान यांनी लिंक अँड मॅच, म्हणजे शिक्षण उद्योगांच्या गरजेशी जोडायचं धोरण, आणलं, 2016 मध्ये एसएमके सुधारण्यासाठी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि दर वेळी बोट मुलाकडेच वळलं, तुझ्यातच काहीतरी कमी आहे.

मुलगा तयार असून काम नसेल तर? सुकोहार्जोची स्रितेक्स ही मोठी कापड कंपनी ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळखोर ठरली, 1 मार्च 2025 ला बंद पडली, दहा हजारांवर माणसं घरी गेली. त्या माणसांची तयारी कमी होती का? वर्षानुवर्षं मशीनवर उभी राहिलेली माणसं ती. मे 2025 मध्ये चिकारांगच्या जॉब फेअरला हजारोंची गर्दी लोटली, मुलं चक्कर येऊन पडली, तो व्हिडिओ माझ्या खात्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत बघत होती, कुणी काही बोललं नाही. त्याच महिन्यात कामगार मंत्रालयाला पत्रकं काढावी लागली की जाहिरातीत वयाची अट घालून भेदभाव करू नका, कामगाराचं शिक्षणाचं प्रमाणपत्र अडकवून ठेवू नका. म्हणजे अडचण कुठे आहे हे सरकारला माहीत आहे. आणि ओरांग दालाम, म्हणजे आतला माणूस, ओळखीचा वशिला, हा शब्द इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. माझ्यापर्यंत आलेल्या एकाही प्रश्नावलीत त्याबद्दल प्रश्न नव्हता.

एक मुलगी लक्षात राहिली आहे. अंगकेत भरून झालं, तिने कागद नीट फाइलमध्ये ठेवले, आणि दारातून मागे वळून हळूच विचारलं, पाक, इथे जागा आहे का हो, माझ्यासाठी नाही, भावासाठी, तो एसएमके करून दोन वर्षं घरी आहे. मी म्हटलं, तुझ्या स्क्रिप्सीत भावाचं काही लिहिलंस का? ती म्हणाली, तो माझ्या सॅम्पलमध्ये बसत नाही.

पाक, तुम्ही स्वतः बांडुंगच्या आयटीबी या तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक, प्रयोगशाळेत काम केलेले. एकदाच मोजून निष्कर्ष काढलेला तुमच्या विद्यार्थ्याचा प्रयोग तुम्ही पास केला असता का? मग इथेही तेवढीच अपेक्षा ठेवा. या वर्षीच्या विद्यार्थ्याला मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं काम पुढे न्यायची मुभा द्या, नवीन विषयच पाहिजे हा हट्ट सोडायला सांगा. ज्याने बारावीत खुणा केल्या त्याला वर्षभराने फोन करा, कुठे आहेस, काय मिळतं, का सोडलंस, एवढंच. शाळेच्या प्लेसमेंट कक्षाकडे नंबर असतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, फार खर्चाचं नाही हे. परिणाम दिसला नाही असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला नापास होण्याची भीती नको. आणि दोन पानं साध्या इंडोनेशियनमध्ये लिहून त्या शाळेला आणि आमच्यासारख्या कारखान्याला परत द्यायला लावा, जी माझा सुपरवायझरही वाचू शकेल. माझ्या मते लिहायला शिकणं ते हेच, पानभर संदर्भ चिकटवणं नाही.

अडचण मला दिसते. ऑक्टोबर 2024 नंतर शिक्षण मंत्रालयाचे तुकडे झाले, स्क्रिप्सी लिहिणारा तुमच्याकडे, एसएमकेचा मुलगा पाक अब्दुल मुती यांच्या शालेय शिक्षण खात्याकडे, आणि शाळा सुटल्यावर तोच मुलगा पाक यासिएर्ली यांच्या कामगार खात्याकडे. पण मुलगा एकच आहे, त्याला तीन दारं माहीत नाहीत. तुम्ही तिघांनी मिळून एक यादी जरी चालू ठेवली तरी हजारो स्क्रिप्सींना काहीतरी अर्थ येईल.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. माझ्या खात्यात आलेल्या एसएमकेच्या मुलांपैकी कोण टिकलं, कोण कितव्या महिन्यात गेलं, का गेलं, हे मी एका वहीत लिहून ठेवलंय, नावं झाकून आणि कंपनीची परवानगी घेऊन ती वही द्यायला तयार आहे. पुढच्या वेळी गेटवर जो विद्यार्थी येईल त्याला फक्त एवढं सांगून पाठवा की सही घेऊन झाल्यावर ती वहीही माग.

आपला,
करावांगमधला एक इचलकरंजीकर