लाखांची भूल आणि रोमन नाण्यांचा छंद

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांवर अख्खं पान होतं. मोठ्या आशेने वाचायला घेतलं आणि वाचून झाल्यावर वाईट वाटलं. कुठलं नाणं किती लाखांना गेलं, कशात पैसे घातले तर किती पटींनी वाढतील, एवढंच त्यात होतं. नाण्यावर काय लिहिलंय, ते कुणी पाडलं, का पाडलं, याबद्दल एक ओळ नव्हती. मी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं छापलेले ताव तपासण्यात गेली. आता प्राचीन रोमन सम्राटांची नाणी जमवतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

लाखांच्या गोष्टींचा परिणाम काय होतो ते आमच्याच गल्लीत पाहिलंय. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या, अशी जाहिरात बघून एका तरुणाने फोन केला. आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, आणि शेवटी फोन बंद. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी असं कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं होतं. तरी हा धंदा थांबलेला नाही. वर्तमानपत्रानेही नाणं म्हणजे लॉटरीचं तिकीट असंच दाखवलं, तर या भामट्यांचं काम आणखी सोपं होतं.

आता माझ्या छंदाविषयी. रोमन नाणी म्हटलं की लोकांना वाटतं हा श्रीमंतांचा खेळ. सोन्याचं नाणं मीही फक्त काचेपलीकडून पाहिलंय. पण चौथ्या शतकातली तांब्याची छोटी नाणी एवढ्या प्रचंड संख्येने पाडली गेली आणि एवढी सापडली, की त्यातलं झिजलेलं एखादं हजार-बाराशेच्या आसपास मिळून जातं. माझं सर्वांत लाडकं नाणं अशांपैकीच. अंगठ्याच्या नखाएवढं, जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅमचं. एका बाजूला सम्राट कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँशियस, तेव्हा अजून युवराज. दुसऱ्या बाजूला भाले धरून उभे असलेले दोन सैनिक, त्यांच्यामध्ये पलटणीची दोन निशाणं, आणि कडेने अक्षरं फिरवलेली : ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे सैन्याचा गौरव. सैनिकांच्या पायाखालच्या पट्टीत भिंगाने पाहिलं तर एस, एम, ए, एन अशी अक्षरं दिसतात. ही आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिओकच्या टाकसाळीची खूण. तिच्यापुढचं एक ग्रीक अक्षर त्या टाकसाळीतला नेमका विभाग सांगतं.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. खिशातल्या नाण्यावर वर्षाच्या खाली बघा. हैदराबादचा तारा असतो, नोएडाचा ठिपका, मुंबईचा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, आणि कोलकात्याची खूणच नसते. माल कुणी काढला हे मालावरच लिहायचं, म्हणजे खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळतं. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच्या कारखान्यातही हाच हिशोब होता, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आमचा तपासणी विभाग आठवला.

त्या नाण्यावरून सालही काढता येतं. दोन निशाणं असलेली नाणी साधारण इ.स. ३३० ते ३३५ची. त्यानंतर दोनाच्या जागी एकच निशाण आलं आणि नाणं आणखी हलकं झालं. आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवर तर साल जवळजवळ उघडच असतं. ‘टी आर पी’ म्हणजे सम्राटाला मिळणारा ‘ट्रिब्यून’ या पदाचा अधिकार, आणि त्या अक्षरांपुढे रोमन आकडा असतो. तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई, त्यामुळे आकडा वाचला की तो मिळाल्यापासूनचं कितवं वर्ष ते समजतं. अकरावी-बारावीच्या मुलाला हे एका संध्याकाळी शिकवता येतं. मी शिकवलंय.

पैसा तयार करणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अस्वस्थ करतं ते तिसऱ्या शतकातल्या सम्राट गॅलिएनसचं नाणं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात रोमचा दिनार जवळपास शुद्ध चांदीचा होता, वजन चार ग्रॅमच्या किंचित खाली. नीरोने इ.स. ६४मध्ये वजनही उतरवलं आणि कसही. सेप्टिमियस सेव्हरसच्या वेळी जवळपास निम्मं हीण मिसळलेलं होतं. कॅराकॅलाने २१५मध्ये किरणांच्या मुकुटाचं नवं नाणं काढलं. ते दोन दिनारांचं होतं असं मानतात, पण त्यात चांदी सुमारे दीड दिनाराचीच. पुढे गॅलिएनसचा बाप व्हॅलेरियन २६०मध्ये इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला. चहूकडून आक्रमणं आणि फौजेला पगार द्यायचाय. गॅलिएनसच्या अखेरीस त्याच नाण्यात शंभरात पाच भागही चांदी उरली नव्हती. तांब्याचा तुकडा आणि वर चांदीचा मुलामा. माझ्या नाण्यावर तो मुलामा फक्त अक्षरांच्या खाचांत आणि हरणाच्या पोटाखाली टिकलाय. हो, मागे हरीण आहे, डायाना देवीचं. राज्य सांभाळणं जड जात असताना त्याने एकेका देवाला साकडं घातलं आणि त्या-त्या देवाचा प्राणी नाण्यावर आणला. चलनाचा कस उतरणं म्हणजे काय, हे पुस्तकाच्या दहा पानांनी कळलं नसतं, ते या नाण्याने कळतं.

आपले व्यापारी हे फार आधी ओळखून होते. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत बहुसंख्य ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोघांची आहेत, नीरोने कस उतरवण्याच्या आधीची. कोइंबतूरच्या परिसरात ती जास्त निघाली. आपल्या बाजूलाही हा पैसा येतच होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात रोमन सोन्या-चांदीची नाणी आहेत, ती इथल्या चलनाशी बदलताना फायदा होतो असाही उल्लेख आहे, आणि पैठण व तेरची नावंही आहेत. ‘आपली सातवाहनांची नाणी सोडून रोमन कशाला?’ असं मला नेहमी विचारतात. दोन्ही एकाच बाजारपेठेतली आहेत, एक वाचायला लागलं की दुसऱ्याशिवाय चालत नाही.

खोट्या नाण्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण बाजारात ती भरपूर आहेत. नोट तपासताना आम्हाला सगळ्या नोटा हुबेहूब सारख्या हव्या असायच्या, जी वेगळी दिसेल ती बाजूला. रोमन नाण्यांत नेमकं उलट आहे. प्रत्येक नाणं हाताने ठोकलेलं. ठसा एखादवेळी डावीकडे सरकलेला, कडेला एखादी चीर, तबकडी वेडीवाकडी. म्हणून दोन नाण्यांची कड, चीर आणि सरकलेला ठसा तंतोतंत जुळला, तर दोन्ही खोटी समजायची, एकाच साच्यातून ओतलेली. ओतीव नाण्याच्या कडेवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ सापडते, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खळगे दिसतात आणि अक्षरं साबण वापरून झिजावा तशी गुळगुळीत वाटतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतल्याशिवाय पहिलं नाणं घेऊ नये.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका. तांब्यावरचं हिरवं-तपकिरी पुट शतकानुशतकं जमलेलं असतं. ते घासून काढलं की नाणं चकाकतं आणि त्यावरची अक्षरं जातात. मात्र पोपटी, भुकटीसारखा थर दिसला तर तो रोग आहे. क्षारांमुळे आतून धातू खाल्ला जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तो झपाट्याने वाढतो. असं नाणं इतरांपासून वेगळं करून कोरडं ठेवायचं, डबीत सिलिका जेलची पुडी टाकायची. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात तर कुठलंच नाणं ठेवू नये, त्यातून चिकट हिरवा द्रव सुटतो.

माझा सगळ्यात मोठा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. मातीसकट पोत्याने विकली जाणारी नाणी मी घेत नाही. कुणीतरी धातुशोधक यंत्र घेऊन शेत उकरलेलं असतं आणि एकत्र पुरलेला साठा फुटलेला असतो. साठा फुटला की काय जातं, हे आपल्या नाशिकइतकं कुणाला कळायला नको. १९०६मध्ये इथून जवळ जोगलटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाची, चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असलेली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा ठोकलेला आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं तिने त्यात कोरून ठेवलंय. आईने दगडावर जे सांगितलं त्याचा पुरावा गोदेच्या काठच्या मातीतून निघाला. तीच नाणी सुटी-सुटी सराफाकडे जाऊन वितळली असती, तर आज आपल्या हातात फक्त एका बाजूचा दावा राहिला असता. त्या चांदीचा वजनावरचा भाव काढून या साठ्याचं मोल कसं ठरवणार?

म्हणून पुरवणीत कायद्याची चौकट यायला हवी होती. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरांना कळवावा लागतो. लपवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सरकार सगळं फुकट नेतं या भीतीने लोक गप्प बसतात, पण ते खरं नाही. सरकारने ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक धरून मोबदला द्यायची तरतूद आहे. नाही घेतला आणि दुसरा करार नसेल, तर चारांतले तीन हिस्से ज्याला ठेवा सापडला त्याचे आणि एक जमीनमालकाचा. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. नाणं घ्यायचं तर परवाना असलेल्याकडून, पावती घेऊन.

माझी आपल्याला विनंती आहे. पुरवणीत दर आठवड्याला अर्धा रकाना एका नाण्याला द्या : दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, अक्षरं, आणि ती कशी वाचायची. किंमत छापू नका. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८०पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकच्या शाळांच्या सहली पांडवलेण्यांना जातात, त्याच दिवशी अंजनेरीही सहज होते. माझ्या नाण्यांचे फोटो आणि वाचन आपल्याला विनामूल्य देईन. एखाद्या शाळेला नाणी हातात घेऊन बघायची असतील तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, भिंगासह हजर होईन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रेस कर्मचारी,
जेल रोड, नाशिकरोड