चिडलास म्हणून लिहितेय

प्रिय सोनू,

रविवारी फोनवर एवढा चिडलास म्हणून लिहितेय, बोलायला गेलं की तू नुसतं हो आई, कळलं आई करतोस. रोज लिंक पाठवू नकोस म्हणालास ना, बरं, नाही पाठवत. पण मी लिंकबद्दल बोलतच नव्हते रे. पहाटे पाचला चहा टाकते, टॅबवर साधना साप्ताहिक उघडते, आवडलेला लेख तुला टाकते, की लगेच निळी टिक. पाचला! म्हणजे तू झोपलाच नव्हतास.

असो, झोपेचं काढायचं नाही असं ठरवून बसलेय.

टॅब तूच लावून दिलास. अण्णांकडे अंक पोस्टाने यायचा, साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला सुरू केला हे ते घरातल्या पोराची जन्मतारीख सांगावी तसं सांगायचे, आणि आधी कोण वाचणार यावरून माझी न् माईची मारामारी. आता अख्खा अंक माझा, दोन बोटांनी अक्षर मोठं केलं की चष्मासुद्धा लागत नाही. साप्ताहिक आहे खरं, पण मला रोज लागतं, नवा अंक दोन दिवसांत संपला की मी साइटवरच्या जुन्या अंकांत शिरते. बाबा म्हणतात भाजी करपली, करपू दे.

परवा 2013 चे अंक काढले. दाभोलकर संपादक होते तेव्हाचे. 20 ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, सकाळी फिरायला निघालेला माणूस. तू दहावीत होतास, क्लासहून आलास आणि पाठीवर दप्तर तसंच, टीव्हीसमोर उभा. म्हणालास, पण ते तर नुसतं बोलायचे ना? संध्याकाळी बाबांबरोबर निषेधसभेला गेलास, जेवायलाही थांबला नाहीस. मी शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत होते, आमचा सोनूपण गेलाय हं, आणि दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन बघत होते.

तसाच आहेस अजून, एकदा एखाद्या गोष्टीत घुसलास की खाणं नाही की झोप नाही. ऑफिसचे कॉल रात्री असतात, मान्य, पण कॉल संपल्यावर तरी फोन बाजूला ठेव ना, आपल्या घरात बीपी आहे, अण्णांचं कसं झालं ते तू बघितलंयस, आणि तेही म्हणायचेच मला काय होतंय... झालं सुरू माझं. सॉरी रे. मोठा झालायस, कळतं तुला. त्या दिवशी पाठवलेला शेतीवरचा लेख तू पूर्ण वाचलास आणि उलट मलाच प्रश्न विचारलेस, बाबांना दोनदा वाचून दाखवला तो मेसेज. पण टाइम बघितलास का, तीन पन्नास.

शिरीषकाका शनिवारी बंगलोरला येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि बाबांनी हट्टाने बांधलेला चिवडा देतेय. सकाळी आठला पोचेल. उठून बस असं नाही म्हणत, झोपलेलाच रहा, तो बेल वाजवेल.

तुझी
आई