रात्रपाळीच्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर,

जानेवारीत धुळ्याला तुमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर न्यूमोनियाचे एक म्हातारे होते, अमळनेर तालुक्यातले. मी त्यांचा मुलगा. पहिल्याच रात्री तुमच्यावर आवाज चढवणारा.

त्याआधी नाना दुसऱ्या एका दवाखान्यात होते. तिथे रात्री १० ला इंजेक्शन, १२ ला बीपी, २ ला ताप, ४ ला रक्त, ५ ला झाडलोट. दर वेळी ट्यूबलाइट लागायची. तिसऱ्या संध्याकाळी नाना सलाईन उपटून उठले. गव्हाला पाणी सोडलंय, मोटर बंद करायची राहिली, म्हणाले. मला ओळखेनात. मी समजलो, वय झालं. उतारवयात जंतुसंसर्ग, कमी पडणारा ऑक्सिजन आणि त्यात सारखी झोपमोड झाली की माणूस असा भ्रमतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं.

तुम्ही १० वाजताच सगळं उरकून घेतलंत. अँटिबायोटिक, बीपी, साखर, लघवीला नेणं, पाण्याचा घोट. पहाटेचं रक्त ६ च्या डोससोबत काढायचं आणि मधला बीपी स्थिर असेल तर सोडायचा, हे डॉक्टरांना विचारून फाईलवर लिहून घेतलंत. ट्रॉलीच्या कुरकुरणाऱ्या चाकाला तेल घातलंत. आम्हा नातेवाइकांचे मोबाईल गप्प केलेत. मग नानांच्या कानाशी वाकून म्हणालात, "नाना, जपी जा. मी शे आठेच." म्हणजे, मी इथेच आहे. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं आणि मराठीत जपणं म्हणजे सांभाळणं. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे झालेले मी त्या रात्री पाहिले.

पण तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. २ वाजता तुम्ही बीपीचा पट्टा न बांधता परत निघालात आणि मी उसळलो, "तपासत का नाही?" तुम्ही मला बाहेर नेऊन हळू आवाजात समजावलंत. टॉर्चवर हात धरून, उजेड जमिनीवर पाडून, घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट तुम्ही ब्लँकेटची वरखाली मोजली होती. श्वास १८. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजन ९५. तब्येत बिघडायला लागली की श्वास बहुतेक वेळा आधी वाढतो, आणि तो मोजायला माणसाला उठवावं लागत नाही.

दुसऱ्या रात्री साडेतीनला तुम्हीच त्यांना उठवलंत. श्वास २८, ऑक्सिजन ८८. मी शेजारीच बसलो होतो, मला ते गाढ झोपलेले वाटत होते! उशाकडची बाजू वर केलीत, मास्क लावलात, डॉक्टरांना बोलावलंत. झोपू देणं म्हणजे लक्ष काढून घेणं, असं मला वाटत होतं. तुमची तर नजर हलली नव्हती. एका रात्रपाळीत इतक्या खाटा असताना हे कसं जमवता, मला अजून उमगत नाही.

चौथ्या सकाळी नानांनी मला नावाने हाक मारली आणि गव्हाची चौकशी केली. पहिल्या रात्री चिडून बोललो त्याची माफी तेव्हाच मागायला हवी होती, ती आज मागतो.

नानांना तुमचा चेहरा नीट आठवत नाही, आवाज मात्र आठवतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तिलाही बोलाव, म्हणतात. मांडे आणि आमरस आईच्या हातचा. रात्रपाळी करून आलात तर ओट्यावर गोधडी टाकून ठेवतो, तुम्हाला कोणी उठवणार नाही.