साहेबांनी विचारलं तर कामाचं बोला

महोदय,

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्या नवी मुंबईतल्या बेलापुरातच आहे. एरवी केबिनमध्ये असणारे मोठे साहेब त्या दिवशी हेल्मेट घालून प्लांटमध्ये फिरतात आणि समोर येईल त्याला विचारतात, 'काय, कसं चाललंय?' महाप्याच्या एका कंपनीत मी एमडींची सेक्रेटरी होते; वही घेऊन त्यांच्या मागे असायचे. बहुतेक मुलं 'ऑल गुड, सर' म्हणून बाजूला व्हायची. आपली मराठी मुलं तर जास्तच. कामात ती कुणालाही हार जाणारी नव्हती, म्हणून मला फार वाईट वाटायचं.

अशाच एका फेरीत मेंटेनन्समधली एक मुलगी बोलली. डोंबिवलीहून यायची. साहेबांना मराठी येत नव्हतं, तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, म्हणून हिंदीची जोड देत तिने सांगितलं. तीन नंबरच्या पंपाचं गळती रोखणारं सील महिन्यात दोनदा गेलंय. टाकीतली पातळी खाली गेली की पंप कोरडा चालतो आणि सील तापून जातं. पातळी उतरली की पंप बंद करणारा लेव्हल स्विच बसवला तर हे थांबेल, प्रस्ताव पर्चेसकडे पडून आहे. एवढंच बोलून ती थांबली. साहेबांनी विचारलं, नुकसान किती? ती म्हणाली, 'आकडा आत्ता हाताशी नाही, संध्याकाळपर्यंत कळवते.' पाचच्या आत मेल आला. त्यात तिच्या खातेप्रमुखांचंही नाव होतं, कारण साहेबांशी काय बोलणं झालं ते तिने जेवणाच्या सुट्टीतच त्यांच्या कानावर घातलं होतं.

ही शेवटची गोष्ट कुणी शिकवत नाही. आपल्या हाताखालच्या माणसाने वर काय सांगितलं हे खातेप्रमुखाला भर मीटिंगमध्ये कळलं, तर तो दुखावतो आणि चांगला मुद्दाही तिथेच अडतो. इथे उलट झालं. साहेबांनी विषय काढला तेव्हा खातेप्रमुख कागद घेऊन तयार होते. गाडीत बसताना साहेबांनी मला विचारलं, 'ती पंपवाली मुलगी कोण?' तिचं इंग्रजी त्यांच्या लक्षातही नव्हतं.

लिफ्टमध्ये साहेब एकटे सापडले म्हणून बढतीचं गाऱ्हाणं मांडणारे आणि सहकाऱ्याची चुगली करणारेही मी पाहिले. त्यांचीही नावं साहेबांच्या लक्षात राहायची, पण वेगळ्या कारणाने.

ठाणे, ऐरोली, नेरुळ, खारघर भागातल्या कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलना माझी कळकळीची विनंती आहे. स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करून घेण्यात आणि ग्रुप डिस्कशनमध्ये जो वेळ जातो, त्यातला थोडा याला द्या. शेवटच्या वर्षाच्या मुलाला कॉरिडॉरमध्ये अचानक गाठा आणि विचारा, तुझा प्रोजेक्ट काय आहे? त्याने उभ्या उभ्या, मिनिटभरात सांगावं: अडचण काय, कशामुळे, पुढे काय हवं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. आकडा माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगून कधी देणार ते बोलावं, आणि ती वेळ पाळावी.

साहेबलोकांनाही एक सांगणं आहे. प्रश्न विचारून मोबाइलकडे बघू नका. नवखं पोर शब्द जुळवत असतं, त्याला दोन क्षण द्या.

कॉलेजांना या सरावासाठी 'साहेब' म्हणून समोर उभं राहायला कुणी हवं असेल, तर मी आनंदाने येईन. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघी निवृत्त सेक्रेटरीही तयार आहेत. शनिवारी सकाळी आम्हाला सोयीचं पडेल. संपर्क आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

– एक निवृत्त सेक्रेटरी, ऐरोली