सूचना : बोट काढायच्या आधी पेट्रोल टाकीचा व्हेंट (हवा आत जायचं भोक) पाहा

मंडळी, इंजिन चालू होते, थोडं पुढं गेलं की बंद पडते अशी तक्रार बरेच जण करून राहिले. कार्बोरेटर खोलायच्या आधी टाकीचं झाकण सैल करा, फुस्स करून हवा आत गेली अन् इंजिन नीट चाललं तर व्हेंट बंद आहे, पेट्रोल जाते तशी हवा आत यायलाच पाहिजे, नाहीतर प्रायमर बल्ब (टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपमधला, हातानं दाबायचा रबरी फुगा) पार चपटा होतो. झाकणावरचा व्हेंटचा स्क्रू उघडा पाहिजे. बोटीत फिक्स बसवलेल्या टाकीच्या व्हेंटमधे कुंभारमाशी माती भरते, व्हेंटचा पाइप लोंबला असला तर तिथं पेट्रोल साचून हवा अडते. बल्बवरचा बाण इंजिनकडे. आणि नागपूरच्या उन्हात टाकी फुगते, काठोकाठ भरूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी बसते, वास आला तर कृपया स्टार्टर मारू नका.