धरणाची गोष्ट आणि पुरलेलं धान्य

संपादक महोदय,

कोगुर्यो (कोरियातलं जुनं राज्य) आणि चीनच्या सुई घराण्याचं 612 सालचं युद्ध म्हटलं की सगळे धरणच सांगतात, कोगुर्योचा सेनापती उल्जी मुन्दोकने साल्सू नदी अडवली आणि चिनी सैन्य पात्रात उतरल्यावर पाणी सोडलं वगैरे. ऐकायला भारी, पण जुन्या इतिहासात हे धरण नाहीच हो, ते मागाहून चिकटवलेलं.

खरी गंमत आधीची आहे. सुई सम्राट यांगदीने चिनी नोंदीनुसार 11 लाख 33 हजार 800 सैन्य जमवलं (आकडा फुगवलेला असणार) आणि ऑर्डर अशी की शत्रू शरण येतो म्हणाला तर आधी मला कळवा. मग काय, कोगुर्योचा लिआओदोंगचा किल्ला पडायला आला की आतले लोक शरण येतो म्हणायचे आणि सम्राटाचं उत्तर येईपर्यंत डागडुजी करून परत लढायला तयार!

शेवटी 3 लाख 5 हजार जण कोगुर्योची राजधानी प्योंगयांगकडे पाठवले, प्रत्येकाकडे 100 दिवसांचं धान्य वर हत्यारं, आणि धान्य टाकलं तर मुंडकं उडवू. माणसं होती का बैल? त्यांनी तंबूतच खड्डे करून धान्य पुरलं आणि अर्ध्या वाटेत उपासमार सुरू. उल्जी शरणागतीच्या बहाण्याने छावणीत जाऊन हे बघून आला, मग एका दिवसात सात वेळा मुद्दाम हरत त्यांना आत ओढलं आणि परतताना साल्सूवर मागून झोडपलं. परत पोचले फक्त 2,700.

तरी यांगदी 613 आणि 614 ला पुन्हा गेलाच, आणि 618 मध्ये घराणंच संपलं.

- एक वाचक, सांगली